नारळ, परात आणि क्युसेक

कुंडलिका नदीला पाणी सकाळी येतं. कोलाडजवळ साजे गावाखाली उन्हाळ्यात भल्या पहाटे जाऊन उभं राहिलं तर पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसतात. मग वर भिऱ्याकडून पाणी सुटतं आणि ते दगड एकामागून एक बुडू लागतात. राफ्ट फुगवून, हेल्मेटं चढवून बसलेली मंडळी त्याचीच वाट पाहत असतात. पुढचे बारा-एक किलोमीटर नदी खळाळत, उड्या मारत जाते. पाणी बंद झालं की पुन्हा दगड.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नाहीच. मुळशी खोऱ्यात पडलेला पाऊस मुळा नदीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जायचा. टाटांनी तो मुळशीच्या धरणात अडवला, सह्याद्रीच्या पलीकडे वळवला आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडला. १९२७ पासून हे पाणी रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतंय. (याच धरणाखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट हे नाव घराघरांत पोचलं. कोलाडला लाटांवर किंचाळताना हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं.) मुंबईला वीज किती हवी, यावर कुंडलिकेत लाट किती उठणार हे ठरतं. नळ लावलेली नदीच म्हणा ना. आणि नदीचं वागणं समजून घ्यायला नळ हाताशी असलेला बरा.

पावसाळ्यात आपण रोज ऐकतो, कोयनेतून अमुक हजार क्युसेक विसर्ग, खडकवासल्यातून तमुक हजार. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी, लिटरमध्ये सांगायचं तर २८.३. म्हणजे एक मोठी बादली आणि वर दोन-चार तांबे, दर सेकंदाला. अभियंत्यांचा दुसरा आकडा क्युमेक, दर सेकंदाला एक घनमीटर. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. मला स्वतःला क्युमेक जास्त आवडतो, कारण एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं. नदीत तीस क्युमेक आहेत याचा अर्थ तुमच्यासमोरून दर सेकंदाला तीस टन वजन चाललंय. धरणातला साठा मात्र टीएमसीत मोजतात, म्हणजे अब्ज घनफुटांत. साठा आणि प्रवाह यांची सांगड घालायची तर एक हिशेब लक्षात ठेवावा. ११,५७४ क्युसेकने पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी संपतो.

पण हा आकडा येतो कुठून? वाहती नदी तराजूत घालता येत नाही. गावाबाहेरच्या ओढ्यावर एक नारळ घेऊन गेलात तर तुम्हालाही तो काढता येईल. ओढा जिथे सरळ आणि एकसारखा आहे अशी जागा निवडायची. रुंदी मोजायची, समजा चार मीटर. काठी बुडवत दहा-बारा ठिकाणी खोली घ्यायची आणि सरासरी काढायची, समजा अर्धा मीटर. म्हणजे पाण्याचा आडवा छेद झाला दोन चौरस मीटर. आता काठावर दहा मीटर अंतर आखून वरच्या टोकाला नारळ सोडायचा. दहा सेकंदांत खाली पोचला, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला एक मीटर. फक्त एक काटछाट करावी लागते. पृष्ठभागावरचं पाणी मोकळं पळतं, तळाजवळचं दगडगोट्यांना घासून रेंगाळतं. म्हणून वरच्या वेगाला ०.८५ ने गुणायचं. छेद गुणिले वेग, १.७ क्युमेक. म्हणजे साठ क्युसेक. झालं तुमचं जलमापन.

सरकारी माणूस नारळाऐवजी वेगमापक यंत्र वापरतो. त्याला वाट्यांचं किंवा पंख्याचं चक्र असतं आणि ते प्रवाहात किती फेऱ्या मारतं ते मोजतात. पूल, होडी किंवा नदीवर ताणलेला तार-पाळणा यांवरून पात्राचे वीस-पंचवीस उभे पट्टे पाडतात आणि प्रत्येक पट्ट्यात यंत्र पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशांवर धरतात, कारण सरासरी वेग साधारण तिथे सापडतो. पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन ठिकाणी मोजून सरासरी घेतात. हल्ली होडीखाली बांधलेलं ध्वनिलहरींचं यंत्र हेच काम भराभर करतं. या यंत्रांचीही परीक्षा घ्यावी लागते. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथे लांबलचक हौदावरून सरकणाऱ्या गाड्याला वेगमापक टांगून स्थिर पाण्यातून ठरलेल्या वेगाने ओढतात आणि ते किती खरं बोलतं ते बघतात.

एवढा खटाटोप रोज तासातासाला कोण करणार? म्हणून एक युक्ती काढली आहे. काठावर किंवा पुलाच्या खांबावर फुटामीटरांच्या खुणांची पट्टी लावायची. उन्हाळा, पावसाळा, पूर अशा वेगवेगळ्या वेळी पट्टीवरची पातळीही टिपायची आणि प्रवाहही मोजायचा. असे पुरेसे जोड जमले की त्यातून एक वक्ररेषा मिळते, या पातळीला इतकं पाणी. मग पुढे नुसती पट्टी वाचली की क्युसेक कळतात. सांगलीचा माणूस पुरात क्युसेक विचारत नाही, आयर्विन पुलाला किती फूट झालं ते विचारतो. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ मध्ये ते सत्तावन्नच्या घरात गेलं होतं. सांगलीकराच्या डोक्यात ती वक्ररेषा तयारच असते, आडव्या अक्षावर क्युसेकऐवजी आपली गल्ली आणि उंबरठा, एवढंच.

या युक्तीचं दुखणं असं की नदी बसल्या जागी बसत नाही. पुराने तळ खरवडला, गाळ साचला, कुणी ट्रकांनी वाळू उपसली की त्याच पातळीला पाणी वेगळं. वक्ररेषा पुन्हा काढावी लागते. आणि मोठ्या पुरात, जेव्हा आकडा सर्वांत जास्त हवा असतो, तेव्हा पाण्यात यंत्र धरायला कुणी उतरूच शकत नाही. मग पूर ओसरल्यावर भिंतींवरची ओल, झाडांत अडकलेला पालापाचोळा यांवरून पुराची रेषा काढतात. उतार आणि छेद मोजतात आणि पात्राचा खडबडीतपणा अंदाजाने धरून रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या सूत्रात घालतात. मॅनिंगने ते सूत्र १८८९ मध्ये मांडलं. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्याने न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदीवर, एम्बुडो या ठिकाणी, आपलं पहिलं जलमापन केंद्र सुरू केलं. फ्रेडरिक न्यूएल नावाच्या अभियंत्याने थंडीच्या दिवसांत तिथे तरुण पोरांचा तळ ठोकला आणि नदी कशी मोजायची हे ती पोरं नदीवरच शिकली.

त्या वेळी या खात्याचा संचालक होता जॉन वेस्ली पॉवेल, आणि मला हा सगळा विषय त्याच्याचमुळे गोड वाटतो. यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याचा उजवा हात गेला होता. तरी २४ मे १८६९ रोजी हा माणूस नऊ साथीदार आणि चार लाकडी नावा घेऊन ग्रीन नदीवरून कोलोरॅडोकडे निघाला. ग्रँड कॅन्यनच्या तळातून तोवर कुणी नोंदवलेला प्रवास केलेला नव्हता. नावा कशा, तर वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला. म्हणजे खळाळ जवळ आला की तो ज्याच्याकडे पाहायला हवं त्याकडे पाठ करून बसलेला! पहिल्या काही आठवड्यांतच एक नाव दगडावर फुटली. तिचा मागचा तुकडा खाली अडकला होता. जीव धोक्यात घालून माणसं तिथवर गेली आणि त्यांनी वायुभारमापकं सोडवून आणली. सोबत व्हिस्कीचं पिंपही आणलं, आणि जल्लोष कशासाठी झाला याबद्दल पॉवेल आणि पोरं यांच्यात एकमत नसावं.

वायुभारमापकांसाठी एवढी धडपड का? हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची कळते. निघाले तिथली उंची माहीत होती, पोचायचं तिथली माहीत होती. रोज मोजलं की नदीला अजून किती खाली उतरायचंय हे कळायचं. फक्त ती उतरंड कशी वाटली गेली आहे, हे कळत नव्हतं. शंभर लहान पायऱ्या, की पुढच्या वळणावर एकच कडा? तीन महिन्यांनी, ३० ऑगस्टला, दोन नावा आणि सहा माणसं बाहेर पडली. एकजण आधीच सोडून गेला होता. तिघांनी सुटकेच्या दोनच दिवस आधी पुढचा खळाळ पाहून नदी सोडली, कडा चढून वर गेले आणि वर मारले गेले. पुढे हाच पॉवेल अमेरिकेच्या पश्चिमेत पाणी थोडं आहे, आधी मोजा आणि मग वाटा, म्हणून सरकारशी भांडत राहिला.

त्याचं म्हणणं किती खरं होतं ते १९२२ मध्ये दिसलं. कोलोरॅडोचं पाणी सात राज्यांच्या दोन गटांत वाटून देणारा करार झाला तेव्हा हाताशी असलेल्या मोजक्या वर्षांच्या नोंदी नेमक्या भरपूर पावसाच्या काळातल्या निघाल्या. झाडांच्या खोडांतल्या वर्षकड्यांवरून शास्त्रज्ञांनी नंतर शतकांमागचा प्रवाह काढला, तेव्हा कळलं की कागदावर वाटलेलं पाणी नदीत नेहमी नसतंच. ते भांडण अजून मिटलेलं नाही. आपल्याकडे बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी वाटताना सरासरी न धरता चारांपैकी तीन वर्षं हमखास मिळेल असं २०६० टीएमसी धरलं आणि त्यातले ५६० महाराष्ट्राला दिले. दशकांच्या नोंदी नसत्या तर ‘हमखास’ हा शब्दच वापरता आला नसता.

आता खळाळाकडे येऊ. तो होतो कसा? सह्याद्रीत बहुधा कठीण कातळाची पायरी किंवा मोठाल्या धोंड्यांची रास हे कारण असतं. ग्रँड कॅन्यनमध्ये बाजूच्या घळींतून पुरासोबत दगडमातीचे लोंढे येतात आणि मुख्य नदीत पंख्यासारखे पसरतात. पात्र तेवढ्यापुरतं चिंचोळं होतं. वर पाणी तुंबून संथ डोह होतो, मधल्या फटीतून ते सुसाटतं आणि खाली पुन्हा संथ पाण्याला भिडतं.

भिडतं तिथे काय होतं हे पाहायला नदीवर जायची गरज नाही. मोरीत परात पालथी घाला आणि तिच्यावर नळाची धार सोडा. धार पडते तिथून पातळ, गुळगुळीत, वेगवान पाण्याची चकती पसरते, आणि काही अंतरावर एकदम जाडसर कडं उभं राहतं. कड्याच्या आत पाणी इतकं वेगवान असतं की बोट बुडवून केलेली लाट उलटी वर चढू शकत नाही. कड्याच्या बाहेर ते मंद आणि जाड. वेग एकाएकी टाकून द्यावा लागतो म्हणून पाणी उसळतं. अभियंते याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. नळ मोठा करा, कडं बाहेर सरकतं. नदीतली एकाच जागी उभी असलेली, फेसाळ, उलटी कोसळणारी लाट म्हणजे हेच कडं, फक्त टनावारी.

याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण १९८३ चं. कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन धरणाखाली क्रिस्टल नावाचा खळाळ आहे. डिसेंबर १९६६ मध्ये बाजूच्या घळीतून दगडांचा लोंढा येऊन तो एका रात्रीत साध्याचा भीषण झाला होता. १९८३ च्या उन्हाळ्यात वरचा बर्फ उशिरा आणि भसाभसा वितळला. धरण काठोकाठ भरलं. पाणी सांडव्यावरून ओसंडू नये म्हणून दरवाजांवर चक्क प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या. सांडव्याचे बोगदे आतून उखडू लागले. विसर्ग ९२ हजार क्युसेकपर्यंत गेला. अलमट्टीतून लाखांनी पाणी सुटल्याच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण क्रिस्टलपाशी पात्र निम्म्याहूनही चिंचोळं झालेलं होतं. नेहमीचा अनुभव असा की पाणी वाढलं की खळाळ बुडून सपाट होतात. क्रिस्टलला उलटं झालं. पाच-सहा मीटर उंच लाट एकाच जागी ठाण मांडून बसली. मोठमोठे इंजिनाचे राफ्ट पालथे झाले, एक प्रवासी दगावला, आणि प्रवाशांना तिथे काठाने पायी न्यायचा हुकूम निघाला. त्याच पुरात तिघांनी एका लाकडी नावेतून अख्खा कॅन्यन, ४४५ किलोमीटर, ३६ तास ३८ मिनिटांत पार केला. क्रिस्टलला तेही उलटले.

सुझन कीफर या भूशास्त्रज्ञ बाईंनी या लाटेचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की ती दगडावर आपटून उठलेली साधी लाट नव्हती. परातीवरचंच ते कडं होतं. फट इतकी अरुंद की पाण्याचा वेग मर्यादा ओलांडून गेला आणि परतताना उसळी घेणं भाग पडलं. पुराने स्वतःच ती फट थोडी खरवडून रुंद केली, तसा क्रिस्टल जरा निवळला.

कयाकवाला हेच सगळं सूत्रांशिवाय वाचतो. कयाक म्हणजे एका माणसाची बंद नाव. कमरेभोवती रबरी घागरा असतो, तो नावेच्या तोंडाला घट्ट बसतो, म्हणजे पालथी झाली तरी आत पाणी शिरत नाही आणि वल्ह्याच्या एका फटक्याने परत सुलटी करता येते. नावेत बसण्याआधी तो काठावरून बराच वेळ नुसता बघत उभा राहतो. गुळगुळीत पाण्याची जीभ, तिचं टोक खालच्या दिशेला, म्हणजे दोन अडथळ्यांमधली खोल वाट. टोक वरच्या दिशेला असेल तर तिथे दगड दबा धरून आहे. मोठ्या खडकामागे पाणी उलटं, वरच्या दिशेला येतं. त्याला नावाडी एडी म्हणतात, आणि खळाळातली विसाव्याची जागा तीच. खळाळ एका दमात कुणी उतरत नाही, एका एडीतून दुसऱ्या एडीत टप्प्याटप्प्याने उतरतात. पांढऱ्या फेसाळ पाण्याचा भरवसा मात्र नको. त्यात निम्मी हवाच. वल्हं पकड घेत नाही आणि लाइफ जॅकेटही हवं तितकं वर उचलत नाही.

पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे अंगावर घेतल्याशिवाय पटत नाही. सेकंदाला दोन मीटर वेगाच्या पाण्यात कमरेएवढं उभं राहिलात तर पाय टेकवणं मुश्किल होईल इतका दाब पडतो. वेग दुप्पट झाला की तो चौपट. म्हणून राफ्टमधून पडलेल्याला पहिली सूचना असते, उभं राहू नका. पाय दगडांच्या फटीत अडकला की हा सगळा दाब माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून धरतो, मग पाणी गुडघ्याच्या थोडंच वर का असेना. उताणं पडायचं, पाय पुढे आणि वर, आणि वाहत जायचं.

कुंडलिकेला हे शिकायला बरं, कारण तिचे खळाळ मध्यम प्रतीचे, सहा पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मोजणीत दोन ते तीन. शिवाय पाणी वीजगृहातून येत असल्यामुळे रोज साधारण ओळखीचं. पण क्युसेकचा एकच आकडा दोन नद्यांवर लावता येत नाही. पसरट पात्रात जे पाणी घोट्याला लागतं, तेच घळीत शिरलं की माणूस उचलून नेतं. म्हणून मुरलेला नावाडी ‘किती क्युसेक?’ असं विचारून थांबत नाही. ‘तो मधला खडक दिसतोय का?’ असंही विचारतो. ही त्याची पट्टी.

एका ठिकाणी मात्र मोजणारा आणि वल्हवणारा यांच्या वाटा पूर्ण फुटतात, ते म्हणजे बंधारा. मोजणाऱ्याला बंधाऱ्यासारखी दुसरी सोयीची जागा नाही. माथा सपाट, रुंदी ठाऊक, तळ बदलत नाही. माथ्यावरून किती जाडीचं पाणी जातंय एवढं मोजलं की प्रवाह कळतो. जाडी दुप्पट झाली तर पाणी पावणेतीनपटीहून किंचित जास्त. खळाळातल्या सगळ्या भानगडी इथे नाहीत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखंच पाणी.

आणि हे सारखेपणच नावाड्याचा काळ. नैसर्गिक खळाळात उसळी वेडीवाकडी असते, कुठेतरी फट असते, सापडलेला माणूस कडेने बाहेर फेकला जातो. बंधाऱ्याखाली परातीवरचं कडं सरळ रेषेत, भिंतीपासून भिंतीपर्यंत उभं असतं. वरचं पाणी उलटं भिंतीकडे ओढतं, पडणारी धार खाली दाबते, तळाशी बाहेर ढकललं तरी वर येताच पुन्हा भिंतीकडे. ओंडके तिथे दिवसेंदिवस गोल फिरत राहतात. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर पावसाळ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असतात आणि पाणी माथ्यावरून जात असतं तेव्हा वरून दिसायला ते अगदी निवांत दिसतं. आवाजही फारसा नसतो. क्रिस्टलसारखी लाट दुरून दिसते आणि ऐकू येते. बंधारा वरच्या बाजूने येणाऱ्याला फक्त पाण्यावरची एक सरळ रेघ म्हणून दिसतो, तीही अगदी जवळ आल्यावर. ती रेघ दिसली की जाणता कयाकवाला काठ धरतो, घागरा सोडतो, नाव खांद्यावर घेतो आणि बांधावरून चालत पलीकडे जातो.